बसलेल्या कोंबड्या

शेडचं दार उघडण्याआधी मी आजही थांबते. कडीला हात लावत नाही, आधी कान देते. आतून गलका ऐकू आला की मगच कडी सरकवते. नवरा मागून खाद्याची गाडी ढकलत येतो. "आज काय, मुहूर्त बघतेस का?" असं तो पूर्वी विचारायचा. हल्ली विचारत नाही. तोही थांबतो.

सवय नसलेल्या माणसाला कोंबड्यांचा गलका नकोसा होतो. गाडीचं चाक करकरलं की पिंजऱ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माना बाहेर येतात, आणि एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज चढत जातो. मला त्या आवाजात झोपसुद्धा लागेल. भीती वाटते ती त्या आवाजाला मध्येच कुठे भोक पडलं तर, याची. एका पावसाळ्यात तसं भोक पडलं होतं.

मी इथली नाही. माझं माहेर खाडीच्या काठचं. सातवीपर्यंतची शाळा अलीकडच्या काठाला आणि पुढची पलीकडच्या. पावसात होडी बंद असायची, आणि आईला घरात हात हवे होते. शाळा सुटली ती सुटलीच. वाचायचं मात्र सुटलं नाही. खाद्याच्या पोत्यांवरचं, औषधाच्या बाटल्यांवरचं, भजी बांधून आलेल्या कागदावरचं, जे समोर येईल ते मी वाचते. नवरा म्हणतो, हिला देवळात नेलं तरी ही आधी देणगीदारांची पाटी वाचील.

लग्नानंतर आम्ही पोल्ट्रीच्या कामाला लागलो. पोल्ट्रीवाल्यांना जोडपं लागतं. एकटा माणूस राहत नाही, पळून जातो. शेडजवळ एक खोली मिळते, दिवसभराचं काम दोघांचं मिळून असतं. पहिलं काम दुसऱ्या एका जिल्ह्यात होतं, आणि तिथं रोग आला. मी त्याबद्दल फार लिहिणार नाही. शेडमागं यंत्रानं खड्डा खणला, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, आणि सगळ्या कोंबड्या त्या खड्ड्यात गेल्या. चांगल्यासुद्धा. ज्या सकाळी माझ्या हातून खाऊन गेल्या होत्या त्यासुद्धा. संध्याकाळी शेडमध्ये पाणी पिण्याच्या निपलमधून थेंब पडत होते, तेवढाच आवाज होता.

त्यानंतर आम्हाला कोणी कामाला ठेवीना. पोल्ट्रीच्या धंद्यात बातमी माणसाच्या आधी पोचते. 'तिकडचे' म्हटलं की लोक फोन ठेवायचे. इथल्या वहिनींनी ठेवला नाही. रिसोडच्या बाहेर, मळे संपून सोयाबीनची वावरं सुरू होतात तिथं त्यांची शेड आहे. त्यांचे यजमान एसटीत चालक, ड्यूटी लांबच्या डेपोला. शेड वहिनींनी स्वतः उभी केलेली. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या तुमी. पण एक आयका. येकदम माह्या शेडात पाय नाही टाकायचा. आधी काही दिवस वावरातल्या खोलीत राहा."

रिसोडच्या स्टँडवर त्या स्वतः घ्यायला आल्या. स्वतःच्या गाडीत बसू दिलं नाही, एक जीप ठरवून दिली. हळदीच्या वावरातल्या खोलीपुढं त्यांनी पाणी तापवून ठेवलं होतं. आम्ही आंघोळी केल्या. अंगावरचे कपडे, पिशवीतले कपडे, चपला, सगळं त्यांनी जाळायला लावलं. मग लांबूनच एक पिशवी ठेवली. त्यात नवी साडी होती, नवऱ्याला शर्ट-पँट होती, आणि वर एका डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी. "जुनं काहीच माह्या दारात नोको," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुमी दोघं सोडून."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्या वाक्यानंच माझ्या मनात भीतीही घातली. कुणी इतका विश्वास टाकला की मला धड झोप येत नाही.

घरात वहिनींचे सासरे होते. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. जन्म सगळा मळ्यात गेलेला. मेथी, सांबार, वांगी, मिरची, कडेला हळद. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला इथं आल्यावर कळलं. शेड झाल्यावर आबाजींनी स्वतःहून एक काम घेतलं, सोयाबीन भाजायचं. कच्चं सोयाबीन कोंबडीला बाधतं. ते भाजून भरडलं तरच अंगी लागतं. त्यासाठी एक पत्र्याचा ढोल होता, खाली तुराट्यांचा जाळ. आबाजी वेताच्या मोड्यावर बसून दांडा फिरवत राहायचे. वासावरून सांगायचे, झालं. कधी चुकले नाहीत.

आम्ही येण्याच्या आदल्या पावसाळ्यात खाद्याला बुरशी लागून बऱ्याच कोंबड्या गेल्या होत्या. आम्ही आलो तेव्हा त्याची धास्ती घरभर होती. आषाढ सरला की इथं झड लागते. आबाजी मला म्हणाले, "पोरी, तुमच्या कोकणातला पाऊस उभा पडते, पडला अन् गेला. इथला झोपून राह्यते. पोत्यात शिरते, भितीत शिरते, हाडात शिरते."

त्याच सुमारास पावडर आली. खाद्य कंपनीचा माणूस घेऊन आला. एन्झाइम म्हणतात तिला, आम्ही नुसतं पावडर म्हणतो. त्यानं ओट्यावर बसून समजावलं. मक्यात आणि सोयाबीनमध्ये हाडांना लागणारा फॉस्फरस भरपूर असतो, पण दाण्यात असा काही अडकलेला असतो की कोंबडीच्या पोटाला तो सोडवता येत नाही. खाते आणि तसाच विष्ठेतून टाकून देते. मग आपण वरून खनिज घालतो. ही पावडर घातली तर पोटातच तो सुटतो, वरचं खनिज पुष्कळ कमी करता येतं, आणि खतातून वाया जाणारंही थांबतं.

मला पटकन कळलं. मी नवऱ्याला म्हटलं, "म्हणजे हिच्या पोटात नारळ आहे, पण सोलायला कोयता नाही. ही पावडर म्हणजे कोयता."

"झालं! कोकण बोललं," वहिनी हसल्या. "आता हिले नारयाशिवाय दुसरं काही दिसत नाही."

पुडक्यावर लिहिलं होतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. मीच वाचून दाखवलं. थंड जागा कुठली? शेडवर पत्रे, खोलीवर पत्रे. वहिनींनी ते पुडकं माजघरात ठेवलं, पाण्याच्या माठाशेजारी, पाटावर. कोणी तिकडं चपला घालून जायचं नाही. मी पुडकं उचलायच्या आधी हात धुवायची. दिवाबत्ती तेवढी राहिली होती.

पावडर असते मूठभर आणि खाद्य असतं मिक्सरभर. मूठ तशीच टाकली तर एका कोपऱ्यात बसते. म्हणून आधी ती घमेलंभर कशाततरी कालवायची आणि मग मिक्सरमध्ये ओतायची. सुरुवातीला आम्ही कोंड्यात कालवत होतो. झड लागली तसा कोंडा ओला पडायला लागला. पावडर घातली की गोळे व्हायचे. दोन बोटांत धरून फोडले तरी आत ओल राहायची. गोळे बघून वहिनींचा जीव खालीवर व्हायचा. बुरशी तिथूनच सुरू होते.

तेव्हा आबाजींना सुचलं. मोड्यावरूनच म्हणाले, "पावसायात तिखट कुटायचं तं तुमी काय करता? मिरची आधी तव्यावर गरम करता का नाही? मीठ ओलं झालं तं तवा दाखवता का नाही? मंग! कोंडा ठेवा बाजूले. हे माह्यं भाजलेलं सोयाबीन गरमगरम चक्कीतून काढा अन् त्यातच कालवा पावडर. ओल कुठं राह्यते पाहू."

करून पाहिलं. ढोलातून काढलेलं सोयाबीन तसंच भरडलं आणि वाफा निघत असताना त्यात पावडर टाकली. हातानं कालवता येईना, म्हणून उलथणं घेतलं. एकही गोळा झाला नाही. सगळं सुटंसुटं, रवाळ. ते मिक्सरमध्ये ओतलं की सगळं खाद्य कोमट व्हायचं आणि असा खमंग वास सुटायचा की आपणच मूठभर तोंडात टाकावं.

"आबाजी, तुमी तं इंजिनेर होता," वहिनी म्हणाल्या.

"नाही तं काय! तुह्या सासूनं मले ओयखलंच नाही."

कोंबड्या त्या खाद्यावर तुटून पडायच्या. इतक्या खाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत आम्ही सगळेच खूश होतो.

पोळा झाला. झड सुटली नव्हती. एका सकाळी मी दार उघडलं, गाडीचं चाक करकरलं, गलका उठला. पण नेहमीसारखा सलग नव्हता. डावीकडच्या रांगेच्या शेवटाला आवाज तुटत होता. मी जाऊन पाहिलं. एक पिंजरा, त्यातून एक मान बाहेर आलेली नव्हती. कोंबडी जाळीवर कुशीला बसली होती. डोळे उघडे होते आणि तुरा लाल होता. मी खाद्य टाकलं तशी तिनं मान लांब केली. पोचली नाही. परत केली. तिला खायचं होतं. पायांत जोर नव्हता.

आमच्या खाडीकडे कोंबडी बसली की घरात आनंद असतो. आई टोपलीत भाताचं तूस घालायची, अंडी मांडायची, आणि आम्ही पोरं पिलांची वाट पाहायचो. ही तशी बसलेली नव्हती. मी तिला हातावर घेतलं. अंग गरम होतं, छाती धडधडत होती, पाय लोंबत होते.

मी वहिनींना सांगितलं. वहिनी लगेच आल्या. तोवर त्याच रांगेत आणखी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या रांगेतही. अंडी कमी भरायला लागली. पहिल्या बसलेल्यांतल्या काही मेल्या. मरताना गोंधळ नाही, तडफड नाही. सकाळी बघावं तर डोळे मिटलेले.

शेजारच्या मळ्यातल्या काकू आमच्याकडून कोंबडीखत न्यायच्या. त्यांची फुलगोबी त्यावरच वाढायची. त्या कुंपणाशी आल्या, नाकाला पदर लावून. "काय झालं व? खुडूक बसल्या असतीन."

"या कोंबड्या खुडूक बसत नाहीत, काकू," वहिनी म्हणाल्या.

"मंग बिमारीच हाये ते." काकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण आवाज मला ऐकू येईल असाच लावला. "थे कोकणवाली तिकडच्या सगळ्या पुरून आली नं? पाय असतात बापा एकेकाचे."

मी घमेलं घासत होते. घासतच राहिले. वहिनी कुंपणापर्यंत गेल्या. "काकू, मांगच्या साली तुमची गोबी किडली, तवा तुमच्या घरात कोन नवीन आलं होतं?"

काकूंच्या घरी तेव्हा सून आली होती. काकू निघून गेल्या. वहिनी हसल्या नाहीत. मीही नाही. त्या माझ्या बाजूनं बोलल्या, आणि मला वाटत होतं, काकूंचं खरं असलं तर? रोग कपड्यांबरोबर जळतो. माणसात काही राहत असेल ते कुठं जाळायचं?

जनावरांचे डॉक्टर मंगरूळपीरकडून आले. आधी बुटांवर पिशव्या चढवल्या, हातमोजे घातले, तोंड बांधलं. नवऱ्यानं माझं मनगट धरलं होतं. मेलेल्या आणि बसलेल्या कोंबड्यांचे नमुने घेतले. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "ताई, निकाल येईस्तोवर अंडं बाहेर जाऊ देऊ नका. खत नाही, कोंबडी नाही. तुमीबी बाकीच्या शेडाइवर जाऊ नका."

"अन् रोग निघाला तं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून पिशवीत टाकले. "आधी निकाल येऊ द्या."

मला उत्तर माहीत होतं. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्यांनाही कळलं असावं.

मग वाट पाहणं सुरू झालं. अंड्यांची जीप येईनाशी झाली. ट्रे खोलीत छतापर्यंत रचले. रस्त्यावरून जाणारे लोक आमच्या फाटकासमोर आले की गाडी वेगानं काढायचे. पाऊस झोपलेलाच होता. आबाजी ढोलाखाली जाळ लावायचे, भाजायचे, आणि आम्ही गरम सोयाबीनमध्ये पावडर कालवून खाद्य करायचो. उलट जास्त जपून. कोंबड्या अशक्त झाल्यात, निदान खाणं तरी चांगलं, कोरडं, गरम मिळू दे, असं वहिनी म्हणायच्या. बसलेल्यांना मी मूठमूठ ते खाद्य पिंजऱ्यात हात घालून भरवत होते.

एका दुपारी मी हळदीच्या वावराकडं गेले तर आबाजी कुदळ घेऊन खणत होते. चिखलात घोट्यापर्यंत उभे.

"कायले खंदून राह्यले आबाजी?" मला तोवर इथली बोली थोडी येऊ लागली होती.

"लिंबू लावतो."

मी खड्ड्याकडं पाहिलं. लिंबाला एवढा लांब खड्डा लागत नाही. त्यांनीही मी पाहिलं ते पाहिलं. कुदळीवर हात टेकून उभे राहिले.

"तिकडं किती खोल होता व?"

मी कमरेजवळ हात धरून दाखवला. खरं तर तो पुरुषभर खोल होता. आबाजींनी मान हलवली आणि पुन्हा खणायला लागले. मी तशीच परत आले. वहिनींना सांगितलं नाही, पण त्यांना दिसलंच. त्या खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "खंदू दे. त्याइचे हात रिकामे राह्यले तं ते मरतीन."

मेलेल्या कोंबड्या आम्ही त्यातच टाकू लागलो, चुना घालून. खड्डा मोठा होता आणि कोंबड्या थोड्या होत्या. रिकामी राहिलेली जागाच डोळ्यांपुढं यायची.

डॉक्टर परत आले तेव्हा तोंड बांधलेलं नव्हतं. फाटकातूनच ओरडले, "रोग नाही! निकाल चांगला हाये."

वहिनी ओट्यावर मटकन बसल्या. नवऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मी देवाला हात जोडले, खाडीकाठच्याही आणि इथल्याही. फक्त आबाजी तसेच उभे होते. ते म्हणाले, "मंग मरून कायनं राह्यल्या?"

तो प्रश्न सगळ्यांवर पसरला. रोग असता तर तो बाहेरून आलेला असता. रोग नाही म्हणजे जे काही आहे ते आमच्यातलं आहे.

डॉक्टरांनी त्या सकाळी मेलेली कोंबडी मागवली. तिच्या पायाचं हाड मोकळं केलं, पुसलं, आणि दोन हातांत धरलं. "चांगल्या कोंबडीचं हाड काडीवानी मोडते. आवाज येते," ते म्हणाले आणि त्यांनी जोर लावला. आवाज आला नाही. हाड वाकलं. ओल्या फांदीसारखं वाकलं आणि सोडल्यावर हळूहळू परत आलं. आम्ही सगळे त्या हाडाकडं बघत राहिलो.

"हिनं अंडं देणं बंद नाही केलं," डॉक्टर म्हणाले. "कवचाले लागते ते खाद्यातून नाही भेटलं, तं हाडातून काढलं. सोताची हाडं खाल्ली हिनं."

मग त्यांनी खाद्याची विचारपूस सुरू केली. वरचं खनिज कमी केलंय? केलंय. त्याच्या बदल्यात पावडर घालता? घालतो. प्रत्येक मिक्सरला? प्रत्येक. ठेवता कुठं? वहिनींनी त्यांना माजघरात नेलं. डॉक्टरांनी माठाजवळ उकिडवं बसून पुडकं पाहिलं, तारीख पाहिली. "इथं तं मलेबी थंड वाटून राह्यलं," ते हसून म्हणाले. "ठेवण्यात काही चूक नाही. जरा खाद्य दाखवा बरं."

मिक्सर नुकताच फिरून थांबला होता. मी धावत गेले आणि घमेलं भरून आणलं. ताजं होतं. पाहुण्याला तव्यावरची पोळी वाढावी तसं मी ते त्यांच्यापुढं ठेवलं. डॉक्टरांनी हात घातला. आणि तो हात त्यांनी बाहेर काढलाच नाही. तसाच आत ठेवून आमच्या तोंडांकडं बघायला लागले.

"हे गरम काहून?"

आबाजींनी सांगितलं. त्यांना सांगायला आवडायचं. कोंडा कसा ओला पडत होता, गोळे कसे होत होते, मिरची, मीठ, तवा. सोयाबीन ढोलातून काढून गरमगरम कसं भरडतो आणि त्याच वाफेत पावडर कशी कालवतो. सांगताना हात फिरवून दांडा कसा फिरतो तेही दाखवलं. डॉक्टरांनी मध्ये अडवलं नाही. सगळं संपल्यावर हात झटकला आणि अगदी हळू विचारलं, "आबाजी, दही लावताना विरजण कोनत्या दुधात टाकता? उकयत्या?"

आबाजींचा फिरणारा हात थांबला.

"नाही," ते म्हणाले.

समजावून सांगायची गरज कुणालाच उरली नव्हती, तरी डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं. भाजण्यानं सोयाबीनमधलं वाईट जातं, ते बरोबरच होतं. पण तोच ताव पावडरीला सोसत नाही, जीवनसत्त्वांनाही सोसत नाही. वाफेत ती मरते. दिसायला तशीच दिसते, वासही तोच. आम्ही खनिज कमी केलं होतं पावडरीच्या भरवशावर, आणि पावडर रोज, न चुकता, हात धुऊन मारत होतो. कोयता देतोय असं समजून मी त्यांना नुसती मूठ देत होते.

त्याच दिवशी खनिज पुन्हा पूर्ण केलं. केलेलं खाद्य बाजूला काढलं. बसलेल्या कोंबड्या पिंजऱ्यातून काढून जमिनीवर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. पिंजऱ्यात त्या एकमेकींच्या पायाखाली जातात. आमच्या खोलीपुढच्या पडवीत तूस पसरून मी त्यांना मांडलं, पाणी चोचीशी, खाद्य चोचीशी. दिवसभर मी त्यांच्यात बसून असायची. कुणाला उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळवायचं, कुणाची मान उचलून पाणी दाखवायचं. त्या माझ्याकडं एका डोळ्यानं बघायच्या. तक्रार नसायची त्यांच्या बघण्यात, हे जास्त वाईट.

काही दिवसांनी एक उभी राहिली. पाय थरथरत होते. दोन पावलं टाकून बसली. मी वहिनींना हाक मारायला गेले नाही, तिला नजर लागेल असं वाटलं. मग आणखी उभ्या राहिल्या. काही राहिल्याच नाहीत. त्यांना नवऱ्यानं खड्ड्याकडं नेलं.

अंड्यांची जीप पुन्हा येऊ लागली. काकू कुंपणाशी आल्या. नाकाला पदर नव्हता. "कोकणवाली, चार पोते खत ठेवजो व माह्यं." पायांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी पोती भरून ठेवली, जरा दाबूनच भरली.

आबाजी मात्र ढोलाकडं फिरकले नाहीत. भाजायचं काम नवऱ्याकडं आलं. त्याला वासावरून कळत नाही, तो दाणा फोडून बघतो. वहिनींनी सासऱ्यांना बरंच समजावलं. "तुमी काय मुद्दाम केलं का? आमी सगळेच हात घालत होतो नं त्याच्यात." ते म्हणायचे, "हो." आणि बाजेवर बसून राहायचे. नवरा खड्डा बुजवायला गेला तेव्हा तेवढे उठून आले. म्हणाले, "राहू दे." खड्डा तसाच राहिला. त्यावर एक जुना पत्रा टाकला आहे, चार दगड ठेवून. वारा सुटला की तो वाजतो. शेडमधून ऐकू येतो.

पावडर कालवण्याचं काम वहिनींनी माझ्याकडं दिलं. माठाजवळचं पुडकं माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "आजपासून हे तूच करजो. सोयाबीन थंड झालं का नाही, हात घालून पाह्य. तुले पटल्याशिवाय पावडर पडणार नाही. मी म्हटलं तरी नाही."

मी म्हटलं, "वहिनी, मला भीती वाटते."

"म्हणूनच तं."

आता भाजलेलं सोयाबीन आम्ही ताडपत्रीवर पंख्याखाली पसरतो आणि दुसऱ्या दिवशी भरडतो. कोंडा ओला असला तर उन्हाची किंवा पंख्याची वाट बघतो, पण जाळाजवळ नेत नाही. बाकीचं कामही तसंच चाललंय. कोंबड्यांची नवी खेप आली आहे, अंगानं चांगली आहे. वहिनी म्हणतात, तुझ्यामुळं. आम्हाला ज्या घरानं कपड्यांसकट नवं केलं, त्या घरात मी अजून आहे. याहून जास्त मी काय मागू?

तरी घमेल्यात हात घातला की मला काही कळेनासं होतं. सोयाबीन थंड असतं. रात्रभर पसरलेलं, माठासारखं थंड. पण बोटं खोल गेली की कुठंतरी तळाशी थोडी ऊब राहिली आहे असं वाटतं. मी हात काढते, पदराला पुसते, पुन्हा घालते. पुडकं शेजारी तसंच असतं.

आबाजी बाजेवरून बघत असतात. मान न वळवता विचारतात, "झालं का व थंड?"

बाहेर पत्रा वाजतो. मी हात आणखी खाली घालते.

"नाही अजून, आबाजी."